फळ्याआड

घाटकोपरच्या आमच्या शाळेत फळे भिंतीत नव्हते. लाकडी चौकटीत बसवलेले सुटे फळे होते, दोघांनी दोन बाजूंनी धरले की वर्गात कुठेही नेता यायचे. खाली हातभर जागा मोकळी राहायची. शिक्षा झालेल्या मुलाला बाई फळ्यामागे उभं करायच्या आणि बाकीच्यांना त्याचे नुसते पाय दिसायचे. माझे पाय त्या फळ्याखाली पुष्कळदा दिसलेत, कारण मी तेव्हाही तोंडाळ होते आणि आजही आहे.

तो फळा नसता तर माझी आई माझ्याजवळ राहिली असती, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. फळा नसता तर तिनं दुसरं काहीतरी शोधून काढलं असतं. ती हुशार होती, आणि तिथेच तर सगळं घोडं अडलं.

माझे वडील विषमज्वरानं गेले तेव्हा मी पाळण्यात होते. वडिलांचे थोरले भाऊ, माझे काका, बोरिवलीला राहायचे. सरकारी कचेरीत नोकरी, मागेपुढे वाडी, विहीर, सगळं होतं. त्यांनी आईला सांगितलं की पोरीला घेऊन आमच्याकडे ये, दोन घास कमी पडणार नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण आईला त्या घरातली उरलेली भाकरी व्हायचं नव्हतं. तिनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं, हॉस्पिटलात लागली, आणि घाटकोपरच्या चाळीत एक खोली घेऊन मला घेऊन राहिली. विधवा बाई परक्या पुरुषांचं अंग पुसते, म्हणून आमच्या नातेवाइकांत वर्षभर चर्चेला दुसरा विषय नव्हता. काका एवढंच म्हणाले होते की पोरीची आबाळ होताना दिसली तर त्या दिवशी मी तिला घेऊन जाईन. आईनं ते वाक्य मनावर घेतलं. माझ्या वेण्या, माझी नखं, माझा डबा, सगळं ती परीक्षेला बसल्यासारखी करायची. मला जवळ ठेवून दाखवणं, हाच तिचा सगळ्यांना जबाब होता.

सत्तावन्न साली फ्लू आला. बोटीनं आला म्हणत. उन्हाळ्याची सुट्टी संपली तरी आमची शाळा उघडली नाही, कारण हॉस्पिटलात जागा उरली नव्हती आणि शाळेत तात्पुरता वॉर्ड उघडला होता. बाकं मैदानात रचून त्यांवर ताडपत्री घातली आणि वर्गांत लोखंडी कॉटा आल्या. आईची ड्युटी तिथेच लागली. आमच्या तिसरीच्या वर्गात बायकांचा वॉर्ड होता आणि त्याची सिस्टर आई होती.

नर्सांनी साथ संपेपर्यंत शाळेच्या वरच्या मजल्यावरच राहायचं असा हुकूम होता, घरी जाऊन रोग पसरवायचा नाही. आईनं मला शेजारच्या मालवणी मावशीच्या स्वाधीन केलं. मावशीचा नवरा गिरणीत होता, तिला स्वतःचं मूल नव्हतं, आणि मला मासे खायला घालायची तिला फार हौस होती. संध्याकाळी मावशी मला शाळेच्या फाटकाशी घेऊन जायची. आई आतून यायची आणि चार हात लांब उभी राहायची. हात पाठीमागे धरलेले. तिला भीती वाटत असावी की हात पुढे असले तर ते आपोआप माझ्याकडे येतील. जेवलीस का, शी झाली का, पाढे म्हटलेस का, एवढंच विचारायची. पहिले काही दिवस हसायचीसुद्धा.

फ्लूनं सगळे मरत नव्हते, हे सांगायला हवं. बहुतेक जण अंग मोडून पडायचे आणि ताप उतरला की चालत घरी जायचे. पण काहींच्या छातीत जायचं, आणि मग फार वेळ लागत नसे. हॉस्पिटलात अशा वेळी कॉटेभोवती कापडी पडदा लावायची पद्धत होती. शाळेत कसला पडदा? एका बाईला शेजारच्या कॉटेवरची बाई जाताना दिसली, तिनं हंबरडा फोडला आणि सगळा वॉर्ड रडायला लागला. त्या दिवशी आईनं वॉर्डबॉयला हाक मारली, दोघांनी मिळून कोपऱ्यातला फळा ओढला आणि त्या कॉटेपुढे आडवा लावला. मोठ्या डॉक्टरांनी फेरीत तो पाहिला आणि आईची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या वर्गांतही तेच सुरू झालं. आईनं मला फाटकाशी हे सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला होता. आपल्या डोक्यातून निघालेली गोष्ट लोकांच्या उपयोगी पडली, याचा साधा आनंद.

समोरच्या गल्लीतून वर्गाच्या खिडक्या दिसायच्या. आम्ही पोरं तिथे लगोरी खेळायचो आणि कुणीतरी ओरडायचं, फळा फिरला. मग थोड्या वेळानं मागच्या दारानं स्ट्रेचर जायचं. चाळीतही तो शब्द पसरला. अमक्याची सासू कशी आहे, तर म्हणायचे, फळा फिरला. पोरांना कशाचं काय, आम्ही लगोरीतसुद्धा बाद झालेल्याला फळा फिरला म्हणायचो. मीही म्हणायचे. आत फळा फिरवणारी माझी आई होती हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला तोरा होता.

पुढचं जे सांगते ते मला आईनं कधीच सांगितलं नाही. तिच्याबरोबर केरळची एक सिस्टर होती, वयानं लहान, मराठी तोडकंमोडकं. आई गेल्यानंतर ती मला भेटायला आली होती, तेव्हा तिनं सांगितलं. तिलाही ते कुणाला तरी सांगायचंच होतं, इतकी वर्षं झाली तरी.

सुरुवातीला फळा लावायचा तो बाकीच्या पेशंटांनी पाहू नये म्हणून. पण माणसं वाढत गेली आणि हात तेवढेच राहिले. डॉक्टर सकाळी एकदा यायचे, कधी तेही नाही. ज्या कॉटेपुढे फळा तिथे आता करण्यासारखं काही नाही, तिथे थांबू नका, पुढच्या कॉटला जा, असं ठरूनच गेलं. कुणी लिहून दिलं नव्हतं. मेट्रनसुद्धा फेरीत फळ्याकडे बोट करून पुढे सरकायची. पाणी पाजणारी बाई फळ्यामागे जाईनाशी झाली. आणि फळा कुठे लावायचा ते ठरवायचं कुणी? तर वॉर्डच्या सिस्टरनं. म्हणजे माझ्या आईनं. जो फळा तिनं दयेपोटी ओढला होता तो आता तिच्या हातून निकाल लावत होता, आणि पाठ थोपटणारे डॉक्टर त्या वेळी तिथे नसायचे.

नर्सांना काय होत होतं, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. ती केरळची सिस्टर साबणानं हात धूत बसायची, कातडी सोलवटून रक्त येईपर्यंत. एक जण जेवताना मधेच हसायला लागायची आणि थांबायचीच नाही. आणखी एक जण बसल्या बसल्या झोपायची आणि उठवलं की मारायला धावायची. डॉक्टरांनी सगळ्यांना टॉनिक लिहून दिलं आणि गरम दूध घ्या म्हणून सांगितलं. त्या काळी नर्सला पाय असायचे, हात असायचे, मन असायचं नाही. मन असलेली बाई नर्स कशाला होईल, असंच सगळ्यांना वाटायचं, आणि नर्सांनासुद्धा ते पटलेलं होतं. घरी जायचंय असं म्हणणारीला भित्री म्हणत. म्हणून कुणी म्हणत नसे.

मिठागरात काम करणारी एक तरुण बाई त्या वॉर्डात होती. ओठ निळे पडले, श्वास पुरेना. आईनं सकाळी तिच्यापुढे फळा लावला आणि पुढच्या कॉटला गेली. तिथून पुढच्या, तिथून पुढच्या. दुपारी स्ट्रेचर आलं तेव्हा आई आणि केरळची सिस्टर फळ्यामागे गेल्या. बाईचे डोळे उघडे होते. ती आईकडे बघत होती. तिनं घशाला हात लावून दाखवला, पाणी हवं होतं. सकाळपासून हवं असणार. आवाज निघत नव्हता, आणि फळ्यापलीकडून हात दिसत नव्हता. आई धावत तांब्या घेऊन आली तोवर संपलं होतं. केरळची सिस्टर मला म्हणाली की ती बाई तशीही वाचली नसती, त्या दिवशी संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही. आईलाही ते कळत होतं. स्ट्रेचरवाल्यांना बाजूला सारून आईनं त्या मेलेल्या बाईचे ओठ ओल्या कापसानं पुसले. मग फळा उचलला आणि दुसऱ्या कॉटेपुढे नेला, कारण तिथे त्याची गरज होती.

त्या संध्याकाळी ती फाटकाशी आली असणार. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मधेच कधीतरी तिनं मला विचारणं बंद केलं. नुसती उभी राहायची, आणि माझ्या पायांकडे बघायची.

साथ ओसरली, वॉर्ड उठला, आई घरी आली. चाळीनं तिला ओवाळलं. मावशीनं तिच्या आवडीचे घावणे केले. आईनं एक तुकडा तोडला आणि ताट सारून ठेवलं. घरात आली तरी ती वॉर्डात असल्यासारखी चालायची, दोन कॉटांमधून वाट काढत गेल्यासारखी. माझ्याजवळ झोपायची, पण माझ्या नाकाशी बोट धरून. मी जागी व्हायचे आणि तिचं बोट दिसायचं. मी चिडायचे. ती बोट काढून घ्यायची. मावशीनं एकदा विचारलं, काय होतंय गो तुका. आई म्हणाली, काही नाही, दमलेय.

शाळा उघडली. फिनेलनं धुतलेला आमचा वर्ग, तोच फळा, आणि त्यावर बाईंनी घातलेली गुणाकारांची उदाहरणं. पोरं ती, दोन दिवसांत सगळं विसरली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी बाईंना उलट उत्तर दिलं आणि बाईंनी मला फळ्यामागे उभं केलं. नेमकी त्याच दुपारी आई माझा विसरलेला डबा घेऊन वर्गाच्या दाराशी आली. फळ्याखाली तिला माझे पाय दिसले. मला फटीतून ती दिसत होती. मला वाटलं, ती बाईंशी भांडेल, निदान मला रागवेल. तिनं उंबऱ्याशी डबा ठेवला आणि वळून निघून गेली. बाईंनी तिला हाक मारली तरी ती थांबली नाही.

नंतर काही दिवसांनी मला ताप आला. साधा ताप. पोरांना येतो तसा, पाऊसपाण्याचे दिवस होते. सकाळी आईनं माझ्या कपाळाला हात लावला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग उठली, ट्रंकेतून चादर काढली, खुंटीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली आणि माझ्या गादीपुढे ती चादर सोडली. चादर जमिनीपर्यंत पोचत नव्हती. खालून मला तिचे पाय दिसत होते. ती स्टुलावर बसली होती, पाय जुळवून.

मी पाणी मागितलं. पाय हलले नाहीत. मी आई म्हणून हाक मारली. मला वाटलं, हा काहीतरी खेळ आहे, मग वाटलं, मी काहीतरी चुकलेय. मी सॉरीसुद्धा म्हटलं. मग मी रडले. घसा सुकला की रडणंही नीट येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली आला, दारातून बाहेर गेला. आई तिथेच होती. मला आयुष्यात इतकं एकटं पुन्हा कधी वाटलं नाही, आणि मी पुढे बरंच काही पाहिलंय.

माझं कण्हणं ऐकून मावशी आली. तिनं तांब्या भरला आणि चादर सारायला गेली. आईनं तिचा हात धरला.

"अगो बाय, चेडवाचो घसो सुकलो हा," मावशी म्हणाली. "पाणी तरी दी गो."

आई अगदी शांतपणे म्हणाली, "ह्या कॉटला नको. पुढच्या कॉटला द्या."

ड्युटीवरचा आवाज होता तो. मऊ, पण हुकमी. मावशी क्षणभर खरोखरच थांबली, हे तिनंच मला नंतर सांगितलं. मग तिनं चादर दोरीसकट ओढून पाडली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. मी पाणी पीत होते तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. पाणी संपलं, मी तांब्या खाली ठेवला, आणि मग तिचा चेहरा बदलला. त्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. तिला कळलं होतं.

चाळीत गोष्ट राहते थोडीच. काका बोरिवलीहून आले. ते तावातावानं आले होते, पण आईला पाहून त्यांचा आवाज खाली आला. ते म्हणाले की थोडे दिवस दोघीही चला, विश्रांती घे, कोणी काही म्हणणार नाही. आई आमची पिशवी भरत होती. फक्त माझे कपडे.

"भावजी, तिला घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्याजवळ राहिली तर मी तिला पुन्हा मेलेली धरून बसेन."

काकांनी तिला डॉक्टरला दाखवलंही. डॉक्टर म्हणाले, बाईंना थकवा आहे, आणि टॉनिक लिहून दिलं.

मी बोरिवलीला वाढले. माझी आबाळ झाली नाही, काकूनं तिच्या पोरींत आणि माझ्यात फरक केला नाही. आई निवृत्त होईपर्यंत नोकरी करत राहिली. तिच्यासारखी सिस्टर नाही असं सगळे म्हणत, हात कधी कापला नाही, आवाज कधी चढला नाही. सुट्टीच्या दिवशी ती मला भेटायला यायची आणि ओसरीच्या पायरीवर बसायची. आत ये म्हटलं तर इथे वारा आहे म्हणायची. मला ताप असला तर पायरीवरूनच परत जायची. माझा मुलगा झाला तेव्हा मी त्याला तिच्या मांडीवर ठेवायला गेले, तर तिनं हात पाठीमागे नेले. मला राग आला, फार राग आला. राग येणं सोपं होतं, म्हणून मी तो बरीच वर्षं वापरला.

शेवटी तिच्या छातीत पाणी झालं, आणि मी तिला माझ्या घरी आणलं. एवढी वर्षं न आलेली बाई स्ट्रेचरवरून उंबऱ्याच्या आत आली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोरीकडे बोट केलं, कपडे वाळत घालायच्या दोरीकडे, आणि चादर लाव म्हणाली. मी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, लोक बघतात. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मग मी लावली चादर, आणि लावून आत तिच्याजवळ बसले. हे मला करायचंच होतं, कितीतरी वर्षं. वाटलं, आता आपण दोघी एकाच बाजूला आहोत, आता ती मला बघेल.

तिचे ओठ सुकले होते. मी चमच्यानं पाणी दिलं. तिनं तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली.

"इथे नको," ती म्हणाली. "पुढच्या कॉटला जा."

मी म्हटलं, आई, मी आहे. मला ताप नाही, मी बरी आहे, बघ. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला मी दिसत नव्हते. तिला हात रिकामा नसलेली एक नर्स दिसत होती, जी नको तिथे वेळ घालवत होती. जा, आई म्हणाली, पुढची बाई थांबलीय केव्हाची.

पुढे कॉट नव्हती. पुढे भिंत होती. मी चमचा धरून तशीच बसले, आणि तिनं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.